मारलं, मिटलं, आणि त्यानंतरचा महिना

पोराला बेदम मारलं की गावात पुढे काय होतं हे आपल्याला तोंडपाठ आहे. शेजारीण आरडाओरडा करते, आजी मध्ये पडते, कोणीतरी पोलीस पाटलांना बोलावतं. बापाला चार गोष्टी सुनावल्या जातात, तो मान खाली घालून ऐकतो, चहा होतो आणि "मिटलं" असं जाहीर होतं. श्रावणात झालं असेल तर कानबाईसमोर (आमच्या खानदेशातली श्रावणात बसवायची देवी) दारू सोडल्याची शपथही होते. मी अंगणवाडी पर्यवेक्षिका आहे. जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याकडची, सातपुड्याच्या पायथ्याची काही गावं माझ्या बीटमध्ये, म्हणजे माझ्या देखरेखीखाली, येतात. माझं म्हणणं एवढंच की आपलं काम "मिटलं" म्हटल्यावर सुरू होतं, आणि ते काम म्हणजे त्या घराला कुठे काय टोचतंय ते शोधून त्यावर काहीतरी तोड काढणं. सेविका, आशाताई, शिक्षक, नाहीतर नुसते शेजारी, ज्यांच्या डोळ्यांसमोर ते घर आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

पुन्हा होण्याचा धोका कुठे जास्त असतो, यावर बाहेरच्या देशांत बराच अभ्यास झाला आहे. २००६ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अशा अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. आधी छळ झालेल्या मुलावर पुन्हा तशी वेळ येण्याची शक्यता, कधीच न झालेल्या मुलाच्या साधारण सहापट. धोका सगळ्यात जास्त पहिल्या तीस दिवसांत, मग हळूहळू उतरत जाणारा. आणि चार गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या: याआधी किती वेळा झालंय, मुलाची हेळसांड आहे का, आईबापांत भांडणं आहेत का, आणि आईबापांपैकी कोणाचं मन आजारी आहे का. आकडे तिकडचे आहेत, ते आपल्या तालुक्यावर जसेच्या तसे चिकटवू नका. पण चार प्रश्न मात्र कुठल्याही ओसरीवर बसून विचारता येतात. आणि आपण गावकरी सगळे ज्या महिन्यात "जाऊ द्या, आता त्याला कळलंय" म्हणून पाठ फिरवतो, नेमका तोच महिना वाईट असतो.

आधी अंगावरच्या खुणांचं बघू

चालतं-पळतं पोर पडतं, लागतं. गुडघा, नडगी, कोपर, कपाळ इथले निळे डाग रोजचेच. पण चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या पाठीवर, पोटावर, कानावर, मानेवर डाग दिसला तर थांबा आणि विचारा. चार महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगावर तर कुठेही डाग असला तरी ते साधं नाही, कारण जे अजून कूस बदलत नाही ते पडून स्वतःला लावून कसं घेईल? तसं बाळ दवाखान्यातच न्यायचं.

कांबीसारख्या लांब गोल वस्तूचा वळ ओळखता येतो: दोन समांतर लाल रेघा आणि मध्ये कोरी कातडी. आमच्याकडे केळीच्या मळ्यांमुळे ठिबकची जुनी नळी घरोघर पडलेली असते, दोरी म्हणून, झोपडीचं छप्पर आवळायला, आणि हाताला लागली तर मारायलासुद्धा. असा वळ मी पोटरीवर बघितला आणि घरच्यांनी "ओट्यावरून पडला" सांगितलं. ओट्यावरून पडून दोन सरळ रेघा उठत नाहीत. वायर दुमडून मारली तर टोकाला वळणदार खूण उठते. डागाच्या रंगावरून तो किती दिवसांचा हे मात्र सांगायला जाऊ नका, डॉक्टरांनाही ते नीट सांगता येत नाही.

उलटंही होतं. आपल्याकडे बऱ्याच बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतः निळसर करडा डाग असतो. नवी सेविका बघून घाबरते. तो मार नाही. आठवड्याने पुन्हा बघा, आहे तिथे आहे तसाच असेल. बिब्ब्याने उठलेले फोड आणि पोटफुगीवर दिलेले डाम यांचा विषय वेगळा. त्यात इजा खरी असते, पण हात बहुतेक वेळा मायेचा असतो. तिथे पोलिसी भाषेत सुरुवात केलीत तर पुढच्या वेळी ते पोर तुमच्यापासून लपवतील. आधी दवाखाना, मग आजीशी बोलणं.

नोंद त्याच दिवशी करा. तारीख, वेळ, खूण कुठे, किती बोटं लांब, समोर कोण होतं. मूल जे बोललं ते त्याच्याच बोलीत लिहा, अहिराणी तर अहिराणी, पावरी तर पावरी. त्याचं शुद्ध मराठी करून लिहू नका, त्यात अर्थ गळतो. आणि मुलाला "बापानेच मारलं ना?" असं विचारू नका. "हे कसं झालं रे?" एवढं पुरे. एकदाच. मी, मग सेविका, मग मास्तर, मग सरपंच अशी चौघांसमोर तीच गोष्ट त्याच्याकडून वदवून घेऊ नका. फोटो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं तर सरळ गुन्हाच आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. "जागृतीसाठी टाकला" हे तिथे चालत नाही.

समजावत बसायचं नाही, अशा वेळा

वर्षाच्या आतल्या बाळाला मारलं किंवा गदागदा हलवलं, डोक्याला मार आहे, हाड मोडलंय, भाजलंय, जिवे मारायची धमकी आहे, मूल घरी जायला तयार नाही, किंवा एकदा समज देऊन झाल्यावर पुन्हा तेच झालं, अशा वेळी ओसरीवर बसू नका. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन लावा. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मूल स्वतःही लावू शकतं. जीव धोक्यात असेल तर ११२, तातडीच्या मदतीचा. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर पॉक्सो कायदा २०१२ प्रमाणे कळवणं हे तुमच्या-माझ्यावर बंधन आहे. लपवणाऱ्याला शिक्षा आहे. त्यात पंच बसवून मिटवणं नाही, मुलीचं लग्न लावून देणं नाही, काहीही नाही.

फोन करायला लोक बिचकतात ते एका भीतीने: "पोराला उचलून नेतील." तसा कायदा नाही. मुलाला बाल कल्याण समितीसमोर चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यावं लागतं. समितीत अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यात बाई असावीच लागते. समिती घरची चौकशी करून अहवाल मागवते. मूल घरातच, देखरेखीखाली, ठेवता आलं तर ते पहिलं. संस्था हा कायद्यानेच शेवटचा मार्ग ठरवलाय. मूल घरी परत पाठवलं तर एकच गोष्ट नक्की विचारा: पुन्हा बघायला कोण येणार आणि कधी? ते कागदावर नसेल तर मूल घरी आलं एवढंच झालं, पुढचं पुन्हा तुमच्यावरच.

ओसरीवरचा पहिला अर्धा तास

वजनकाटा घेऊन जा. रिकाम्या हाताने गेलात तर तुम्ही चौकशीला आलात. वजनकाटा, लसीचं कार्ड, खाऊची पाकिटं यातलं काहीही हातात असेल तर तुम्ही अंगणवाडीच्या ताई आहात. आशाताईंना लहान बाळाच्या घरी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या, पंधराव्या महिन्याला जायचंच असतं, ते निमित्त वापरा. तरीही बाप म्हणेल, "तुमले काय करनं ताई, आमना पोऱ्या शे." वाद घालू नका. "पोऱ्या तुमनाच शे बापू, मी वजन कराले येल शे," म्हणा आणि बसा. वजन होईपर्यंत पाणी येतं, पाण्यामागून बोलणं.

"का मारलं?" हा प्रश्न विचारूच नका, त्याला एकच उत्तर आहे, "तो ऐकत नाही." त्याऐवजी "त्या दिवशी सांजेपासून काय काय झालं?" असं विचारा. घड्याळ लावून नाही, एकामागून एक कामं विचारत जायचं: कामावरून कधी आलात, स्वयंपाक झाला होता का, घरात कोण होतं, पोर काय करत होतं. एक घर सांगते, ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. बाप केळी कापणी-भराईच्या टोळीत. टोळीचा हिशोब बाजाराच्या दिवशी. माय कापूस वेचायला, आणि तिच्या नावावर गटाचं कर्ज, त्याचा हप्ता बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. बाजाराच्या रात्री बाप पिऊन यायचा, खिशात निम्मे पैसे. माय हप्त्यासाठी भांडायची, हा तिच्यावर हात टाकायचा, चार वर्षांचं पोर जागं होऊन रडायचं आणि मग नळी त्याच्या अंगावर. सगळं गाव म्हणत होतं, "पोरगं फार हट्टी आहे." पोराचा हट्ट बाकीच्या दिवशीही तोच होता. मार मात्र बाजाराच्या रात्रीचा.

हे एकदा दिसलं की काय करायचं ते सुचतं. तिथे मुकादमाला मध्ये घातलं. हप्त्यापुरते पैसे त्याने थेट बाईच्या हातात द्यायचे. बापाला ते "तुम्ही मारता म्हणून" असं सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं; "हप्ता थकला तर गट दारात येईल, तुमचीच शोभा," म्हटल्यावर ऐकलं. आणि बाजाराच्या रात्री पोर चुलत काकूकडे झोपायला. काकूला पोरापुरती एकच गोष्ट सांगून ठेवली: कधीही, कितीही रात्री ते पळत आलं तर दार उघडायचं, काही विचारायचं नाही, सकाळपर्यंत पाठवायचं नाही. असं एक दार प्रत्येक घरासाठी ठरवा, आणि ते मुलाला माहीत असू द्या. पोराच्या अंगावरचे वळ त्यानंतर मी बघितले नाहीत. बायकोवरचा हात मात्र चालूच राहिला. त्यासाठी वेगळं, संरक्षण अधिकाऱ्यांकडे जावं लागलं.

यातून निघतं ते असं, की बाईला मार पडतो त्या घरात पोरालाही पडतो असं धरूनच चाला. बाईशी बोलायचं ते एकटीशी, विहिरीवर, अंगणवाडीत, दवाखान्याच्या रांगेत. नवऱ्यासमोर "ताई, तुम्हाला मारतात का हो?" विचारून तुम्ही निघून जाल, रात्र तिला काढायची आहे. १८१ हा बायकांच्या मदतीचा नंबर तिला तोंडी सांगा, चिठ्ठीवर देऊ नका. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात संरक्षण अधिकारी आहेत, जिल्ह्याला मार खाणाऱ्या बायकांच्या मदतीसाठी सखी केंद्र आहे. बाईची सोय झाली की पोराची निम्मी होते.

दारूबद्दल मी शपथांवर विसंबत नाही. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा फोन आहे, तो लावून द्या. पण पन्नी (पिशवीतली दारू) सुटायला वेळ लागतो आणि तोपर्यंत पोराने थांबायचं का? म्हणून आधी रात्र सांभाळायची, दारू मागून.

मन आजारी असणं आपल्याकडे सगळ्यात शेवटी ध्यानात येतं. बाळंतपणानंतर बाई गप्प झाली, बाळाकडे बघत नाही, रडते, झोप नाही, "याला घेऊन विहिरीत जाईन" म्हणते, तर ते "बाहेरचं" नाही आणि नाटकही नाही. भगताकडे नेलं तर नेऊ द्या, भांडू नका, पण त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही न्या. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. विहिरीचं बोलली असेल तर आठवडाही थांबायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना आणि रात्रंदिवस कोणीतरी सोबत. आणि नवीन आईबापांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा: तान्ही बाळं दुसऱ्या महिन्याच्या आसपास सगळ्यात जास्त रडतात, काही केल्या थांबत नाहीत. डोकं फिरायला लागलं तर बाळ झोळीत नीट ठेवा, ओट्यावर जाऊन बसा, पाच-दहा मिनिटांनी आत या. रडण्याने बाळाला काही होत नाही, गदागदा हलवण्याने मेंदूत रक्तस्राव होतो.

हेळसांड

"कोणी हात तर लावला नाही ना?" इथे गाव गप्प बसतं. पण त्या चार गोष्टींत हेळसांड आहे, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा परत येते. वेचणीच्या दिवसांत दोन वर्षांचं पोर बांधावर, राखायला सात वर्षांची बहीण, शेजारी शेततळं आणि फवारणीचा रिकामा डबा, ज्यात कोणीतरी पाणी भरून ठेवलंय. किंवा दंडघेर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली गेलेलं, म्हणजे अतिकुपोषित मूल. ग्राम बाल विकास केंद्रात खाऊन-पिऊन सुधारतं, घरी गेलं की महिन्यात पुन्हा तिथेच. दुसऱ्यांदा असं झालं की आहाराचा तक्ता बाजूला ठेवा आणि घर बघा.

पण गरिबीला हेळसांड म्हणू नका. ओळखायला मी चुलीकडे बघते. घरात सगळ्यांनाच कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असेल तर ते दारिद्र्य, तिथे रेशन, रोजगार हमी, बालसंगोपन योजना बघायची. मोठ्यांच्या ताटात शेवभाजी आणि एकाच पोराला, बहुतेक वेळा सावत्र किंवा पाठीवर झालेल्या पोरीला, उरलंसुरलं, तर ती हेळसांड. एक पालक वारलाय, तुरुंगात आहे, गंभीर आजारी आहे, घटस्फोट झालाय अशा घरातल्या मुलाला सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत महिन्याला २२५० रुपये मिळतात. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे ४००० आहेत, त्याच्या अटी वेगळ्या. दोन्हींची चौकशी जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात होते. कागद जमवून द्यायला कोणीतरी सोबत जावं लागतं, नाहीतर ती बाई एक रोज बुडवून परत येते आणि पुन्हा जात नाही.

राखायला कोणी नाही हीच अडचण असेल तर अंगणवाडीची वेळ संपल्यावर पोर कुठे जातं ते ठरवा. एका वाडीत तीन घरच्या म्हाताऱ्यांनी आळीपाळीने पोरं सांभाळायला घेतली, मायांनी त्यांना कपाशीच्या दिवसांत चहा-साखर द्यायचं कबूल केलं. फार काही लागलं नाही.

महिनाभराच्या फेऱ्या

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकदा जा. मग आठवड्याला एकदा तरी, पण दरवेळी वेगळ्या वेळी. सकाळी दहाला ते घर चांगलंच दिसतं. सांजेला दिवे लागताना जा, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जा. तुम्ही एकट्या जाऊ नका, आशाताई आणि सेविका मिळून जा, दोघींत एकीने मोठ्यांशी बोलायचं आणि दुसरीने पोराशी खेळायचं. कपडे बदलताना, हात धुताना अंग दिसतं. पोर मोठ्या माणसाने हात उचलला की डोकं झाकतं का ते बघा. बापाने टोपी काढायला हात वर केला तरी झाकतं.

घरात मूल एकदम शहाण्यासारखं वागायला लागलं, हट्ट नाही, रडणं नाही, धाकट्याला गप्प करतंय, तर घरचे म्हणतील "सुधारला". मला तेव्हा जास्त काळजी वाटते.

"मामाकडे पाठवलं" हे उत्तर ऐकून नोंदवही बंद करू नका. मामाच्या गावच्या सेविकेला फोन करा. तिथे कोण आहे, मामी तयार आहे का, शाळेत नाव घातलं का? आणि ते परत कधी येणार? आखाजीला (अक्षय तृतीयेला) बायका माहेरी जातात तेव्हा पोरं इकडची तिकडे होतात, तो आठवडा धरून पुढची एक फेरी ठेवा.

ऊसतोडीला जाणारी घरं हा सगळ्यात अवघड भाग. नंदुरबार, शहादा, तळोदा, साक्री, शिरपूर या बाजूची कुटुंबं दिवाळी झाली की गुजरातच्या आणि पश्चिम महाराष्ट्राच्या कारखान्यांवर जातात, होळीच्या सुमारास परततात. पोर बरोबर गेलं तर फडावर बघणारं कोणी नाही. मागे राहिलं तर थकलेल्या आजीच्या गळ्यात. निघायच्या आधी तीन गोष्टी हातात घ्या: मुकादमाचा नंबर, कारखान्याचं आणि तळाचं नाव, आणि जमलं तर तिथल्या अंगणवाडीचा किंवा शाळेचा नंबर. उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, किती घेतली तेही सहज बोलण्यात काढा. उचल जास्त तेवढं फेडायचं ओझं जास्त, आणि ते कोणाच्या पाठीवर उतरतं ते आपल्याला माहीत आहे. स्थलांतराची नोंद करून पुढच्या अंगणवाडीला पोराचं वजन कळवा आणि "या घराकडे जरा लक्ष असू द्या" एवढंच सांगा, पूर्ण कहाणी नको. मागे राहिलेल्या पोरांसाठी गाव बाल संरक्षण समितीची एक बैठक दिवाळीच्या आधी लावून घ्या. सरपंच तिचे अध्यक्ष असतात, पण बऱ्याच गावांत ती कागदावरच असते. तुम्ही नावांची यादी करून ग्रामसेवकांच्या टेबलावर ठेवली तर भरते. यादीत पोराच्या नावापुढे आजीचं नाव, आजी आजारी पडली तर दुसरं कोण त्याचं नाव, आणि रात्री उघडणारं ते एक दार कोणाचं, एवढं लिहा. यादी समितीबाहेर जाऊ देऊ नका, पंचायतीच्या फळ्यावर तर नाहीच.